सहा नंबरचं ऊन

आमच्या सावरखिंडीत माणसांच्या तोंडावर ऊन पडत नाही. ते नगरपंचायतीच्या कचेरीतून डबीत मिळतं.

याला आता सात वर्षं झाली. सूर्य रोज उगवतो, मावळतो, गच्चीवरचे पापड वाळवतो, ज्वारी पिकवतो. त्याच्या बाकी कामात काही कुचराई नाही. फक्त माणसांच्या चेहऱ्याचं काम त्याने सोडलं आणि ते आमच्या ऊन विभागाकडे आलं. विभाग म्हणजे एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि मी, विनायक टिपरे, वरिष्ठ लिपिक. आधी मी घरपट्टीला होतो. तेव्हा लोक मला लांबून बघून दार लावून घ्यायचे. आता दार उघडतात आणि गाल पुढे करतात.

डबीतल्या मालाला सरकारी भाषेत ऊन-चूर्ण म्हणतात, झाकणावर ब्राँझर असं छापलेलं असतं आणि गाव नुसतं ‘डबी’ म्हणतं. सकाळी तोंड धुतलं की ती लावायची. ब्रश मोठा आणि फुगीर हवा. चूर्णावरून हलकेच फिरवायचा, झटकायचा, आणि मग कपाळाच्या कडेपासून गालाच्या हाडावर, तिथून परत बाहेर येऊन जबड्याच्या कडेला, असा ३ चा आकडा काढायचा. दुसऱ्या बाजूला तोच आकडा उलटा. उरलंसुरलं नाकाच्या शेंड्यावर. म्हणजे खरं ऊन जिथे आधी टेकायचं तिथेच. न झटकता थापलं की तोंडावर वैशाख पेटतो. आमचे आरोग्य निरीक्षक पहिल्या वर्षी थापायचे, त्यांना ऐन मार्गशीर्षात घामोळं आलं. आणि चमकीवालं चूर्ण तर लावूच नये. बाजारपेठेतल्या एका हौशी बाईंनी ते परस्पर मागवून हळदीकुंकवाला लावलं, तर बसलेल्या सगळ्या बायकांना विजा चमकल्या म्हणून उठून वाळवणं काढायला पळावं लागलं.

खरी मेख नंबरात आहे. चूर्ण आपल्या कातडीपेक्षा एखाद-दुसरी पायरी गडद असावं, त्याहून जास्त नको आणि फिकं तर नकोच नको. गोऱ्याला एक नंबर, त्यात जराशी गुलाबी झाक. गव्हाळाला तीन, सोनेरी झाक. सावळ्याला पाच, तांबूस. आणि गडद सावळ्याला सहा, ज्यात भाजलेल्या विटेचा लाल असतो. नंबर बरोबर असला की घड्याळात जी वेळ तीच तोंडावर: आठला आठ, चारला चार. गोऱ्या माणसाने गडद लावलं की तोंडावर दिवेलागण होते. बँकेच्या साहेबांच्या मंडळींनी एकदा चुकून दुसऱ्याच कुणाची डबी लावली. त्या अंगणात आल्या आणि शेजारच्या कोंबड्या सकाळी दहाला खुराड्यात गेल्या. उलट गडद माणसाने फिकं लावलं तर तोंड राखेसारखं होतं आणि तिथे पहाट अडकून बसते.

गावाला ही अडकलेली पहाट फार आवडते. आपला नंबर एकाने तरी कमी लिहावा म्हणून लोक माझ्याकडे चिठ्ठ्या घेऊन येतात. “टिपरे भाऊ, पोरीला बघायला येणारेत, चाराचा तीन करा की.” करावा लागतो. मी नोकरमाणूस आहे. त्यामुळे भर दुपारी आमच्या बाजारात निम्मं गाव जांभया देत असतं, आणि नाचता येईना अंगण वाकडं, तसं मग माझ्या डब्यांना शिळ्या म्हणतं.

माझा स्वतःचा नंबर चार आहे. तपासणाऱ्याला तपासायला दुसरं कोणी नसल्यामुळे पहिल्या वर्षी मीच आरशात बघून तो लिहिला. माझ्या तोंडावर कायम सकाळचे सव्वासात असतात. कचेरीत त्याचा फायदाच होतो, उशिरा आलात असं मला कोणी म्हणू शकत नाही. घरी मात्र संध्याकाळी गेलो की बायको माझ्या तोंडाकडे बघते आणि पोहे करते. सात वर्षं रोज संध्याकाळी पोहे. तक्रार नाही, पोहे ती चांगले करते.

गावात सहा नंबर लावणारी एकच मुलगी होती. मंजिरी खुटवड, एसटीत कंडक्टर. पहिल्या वर्षी तिला तपासून मी सभ्यपणाने पाच लिहिलं होतं. तिने टेबलावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “काका, सहा लिहा. मला गाडी वेळेवर काढायची असती.” खाडाखोड करून सहा लिहिलं. तेव्हापासून पहिल्या गाडीला येणारी माणसं तिच्या तोंडाकडे बघून घड्याळं लावायची. तिच्याबद्दल माझी तक्रार एवढीच होती, की ती ब्रश धुवायची नाही. ब्रश दर आठवड्याला शांपूने धुऊन सावलीत वाळवावा असा नियम आहे. “डबल ड्यूटी असती हो काका,” असं म्हणून ती तो तिकिटाच्या चामडी पिशवीत कोंबायची. मी दोनदा लेखी समज दिली होती.

मंजिरीचं लग्न खिंडीपलीकडच्या रणधीर बांदलशी ठरलं. रणधीर मोटार मेकॅनिक. त्यांच्या गावात अजून माणसांवर ऊन फुकट पडतं, आणि ती माणसं इकडे आली तरी ते त्यांच्या तोंडावरून जात नाही. मुहूर्त रविवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांचा. आणि मंजिरीच्या डबीची मुदत संपत होती शनिवारी. मुदत संपली की जुनी डबी जमा करायची, नव्याने रंग तपासायचा, नवीन डबी घ्यायची. शनिवारी तिची हळद होती. मला जेवणाचं आमंत्रण होतंच. म्हटलं, त्याच फेरीत सरकारी कामही उरकून टाकू. नोंदवही आणि डब्यांची पिशवी घेऊन गेलो.

रंग कधीही हाताच्या पाठीवर तपासू नये, हात खोटं बोलतो. तो जबड्याच्या कडेवर तपासावा. मी जबड्याच्या कडेवरच तपासला. नियमाचं मी तंतोतंत पालन केलं, हे आजही सांगतो. पण खुटवडांच्या घरी हळद लावण्यात कंजुषी करत नाहीत. मंजिरी पाटावर बसली होती, डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे घट्ट मिटलेले, आणि तिच्या सुगंधाआत्याने कपाळापासून गळ्यापर्यंत बोटभर जाडीचा थर दिलेला. “मंजिरी, हनुवटी वर कर,” म्हटलं. तिने केली. मी चष्मा पुसून बघितलं आणि लिहिलं: गव्हाळ, झाक सोनेरी, क्रमांक तीन.

सुगंधाआत्याने वहीत डोकावून बघितलं. “तीन? अवो टिपरे भाऊ, तुमच्या तोंडात साखर पडो!” मला बरं वाटलं. आपल्या कामाचं असं कौतुक फार वेळा होत नाही. मी सहा नंबरची जुनी डबी जमा करून घेतली, तीन नंबरची नवी सुगंधाआत्याच्या हातात दिली, दोन जिलब्या जास्त खाल्ल्या, वाटेत कचेरीत थांबून जुनी डबी खणात ठेवली आणि घरी आलो.

रविवारी साडेदहाला मंगल कार्यालयात गेलो तर दारातली सनईवाली मंडळी पेंगत होती. मागच्या आवारात एक कोंबडा आरवत होता. वधूपक्षाच्या खोलीत करवल्या एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या होत्या. मध्ये हिरव्या शालूत मंजिरी बसली होती, सुगंधाआत्याने स्वतःच्या हाताने नटवलेली, मुंडावळ्या बांधून, आणि तिच्या तोंडावर पहाटेचे पावणेपाच वाजले होते.

माझी पाचावर धारण बसली. राखाडी, थंड, कुठे उजेडाचा पत्ता नाही अशी ती पहाट होती. तिच्याकडे बघून दूध आणायला जावंसं वाटत होतं.

दारात रणधीरचे मामा उभे होते. अंगावर ऊन, तोंडावर दहा पस्तीस, आणि आवाज त्याहून चढलेला. “आम्ही पोरगी बघायला आलो तवा पाच वाजलेले आणि हिच्या तोंडावर पाच म्हंजे पाचच वाजलेले. आज ही पहाट कुणाची उभी केलीय? तीच पोरगी कशावरनं?”

“गोरी दिसाया लागली तर तुमची तक्रार व्हय?” सुगंधाआत्या म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

वैशंपायन गुरुजी पंचांग मिटून बाहेर आले. “तक्रारीचा प्रश्न नाही. मुहूर्त सूर्यावरून निघतो, आणि तुमच्या गावात सूर्य माणसाच्या तोंडावरच काय तो उरलाय. मुहूर्त दोघांच्याही तोंडावर यावा लागतो. नवऱ्या मुलाचा येईल. या मुलीचा यायला अजून सात तास आहेत, आणि ही पहाट तर हलतच नाहीये. मी अक्षता टाकायला सांगू शकत नाही.”

“मग आम्ही निघतो,” मामा म्हणाले. “फसवणुकीच्या मांडवात आम्ही जेवत न्हाई.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नोंदवही उघडली. “नोंदीप्रमाणे सगळं बरोबर आहे,” मी म्हणालो. “क्रमांक तीन. खाली माझी सही आहे.”

“काका,” मंजिरी म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली. “माझ्याकडं बघून वेळ सांगा.”

“पावणेपाच.”

“सात वर्षं मी पहिली गाडी काढली. एक मिनिट इकडचं तिकडं झालं का कधी माझ्या तोंडावर?”

“नाही.”

“मग आजच का?” एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरले. गालावरून एक थेंब ओघळला, आणि पहाटेतून ओघळला म्हणून दवासारखा दिसला. मला माझी लाज वाटली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत कागदावर बरोबर आणि तोंडावर चूक असं काही मी केलं असेल तर ते हे.

मी वही मिटली. “चूक माझी आहे,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “मी काल मुलीचा रंग तपासलाच नाही. मी हळद तपासली.”

 मग सुगंधाआत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली, “मला दिसत होतं ओ. म्हटलं, आयता तीन आलाय तर येऊ दे.”

रणधीर मामांच्या मागे येऊन उभा होता. उंच, नखात ग्रीस राहिलेला मुलगा. तो म्हणाला, “मामा, तीच आहे. माझं घड्याळ बंद पडलं होतं तवा मी हिच्या तोंडाकडं बघून लावलं. अजून एक सेकंद चुकलेलं नाही.” त्याने मनगट पुढे केलं. अकराला दहा कमी होते. “साहेब, हिचं बरोबर करून द्या. काय लागंल ते सांगा.”

सहा नंबर लागणार होता, आणि तोच नव्हता. कपाटात डब्या मागणीप्रमाणे येतात. गावात सहा लावणारी ती एकटी, आणि तिला मी तीन लिहिल्याबरोबर सहाची मागणी शून्य झाली होती. दुसऱ्या कोणाकडून उसनी घ्यावी तर बाकी सगळं गाव कागदोपत्री गोरं. उरली तिची जुनी, मुदत संपलेली डबी. ती माझ्या खणात होती, पण मुदतबाह्य चूर्ण कोणालाही देता येत नाही. त्याचा दोन पंचांसमक्ष नाश करावा लागतो.

तेवढ्यात मला नियम चौदा आठवला. नियम सगळ्यांनाच आठवतात, वेळेवर आठवणं महत्त्वाचं. “शिल्लक चूर्ण नाल्यात अथवा उघड्यावर न टाकता, उन्हाची निकड असलेल्या पृष्ठभागावर पसरून नष्ट करावे.” मी तो मोठ्याने म्हणून दाखवला.

“पृष्ठभाग म्हंजे?” मामांनी विचारलं.

“पृष्ठभाग म्हणजे कुठलाही पृष्ठभाग,” मी म्हणालो. “गुरुजी आणि तुम्ही पंच व्हाल का?”

रणधीरने मला त्याच्या मोटारसायकलवरून कचेरीत नेलं आणि आणलं. तो कशी चालवतो हे मी लिहीत नाही. परत आलो तेव्हा अकरा वीस झाले होते. करवल्यांना उठवून मी खोबरेल आणि मऊ फडकं मागितलं, आणि मंजिरीच्या तोंडावरची पहाट सगळी पुसून काढली. खाली तिचा स्वतःचा रंग होता, गडद, स्वच्छ, अजून वेळ न लागलेला. जबड्याची कड पाण्याने धुतली, नखाने खरवडून बघितली. हळदीचा कण नव्हता.

“पंचांनी पुढे यावं,” मी म्हणालो. “नाशाला सुरुवात करतो.”

गुरुजी आणि मामा दोन्ही बाजूंना उभे राहिले. मी नव्या ब्रशने चूर्ण घेतलं, झटकलं आणि कपाळाच्या डाव्या कडेला टेकवलं. तिथे आठ वाजले. गालाच्या हाडावर आलो तेव्हा नऊ, मग साडेदहा. जबड्यावर ३ चं शेपूट ओढलं आणि डावी बाजू अकरा एकतीसवर येऊन नीट उभी राहिली. मामा वाकून बघत होते. “च्यायला,” ते हळूच म्हणाले.

उजव्या बाजूला वळलो आणि ब्रश डबीत फिरवला. खालचा पत्रा वाजला. चूर्ण संपलं होतं. कडा खरवडल्या, त्यातून कपाळापुरतं निघालं, तिथे जेमतेम सव्वाआठ झाले. उजवा गाल कोरा. घड्याळात अकरा चौतीस. गुरुजी म्हणाले, “अर्ध्या तोंडावर मुहूर्त धरता येत नाही, टिपरे.” दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

मंजिरीने माझा हात धरला. “काका, माझा ब्रश.”

“कुठला?”

“तुम्ही दोनदा समज दिलेला.”

सुगंधाआत्या त्या वयात जिन्यावरून पळत गेली. सासरी न्यायच्या सामानातून चामडी पिशवी उपसून आणली आणि तिकिटांच्या खालून तो ब्रश काढला. असा ब्रश मी माझ्या कारकिर्दीत बघितला नव्हता. न जाणे किती महिन्यांचं सहा नंबरचं ऊन त्याच्या केसाकेसांत बसलं होतं. झटकायचं तर नावच नको. मी श्वास रोखला आणि उजव्या गालावर उलटा ३ काढला. नऊ. दहा दहा. अकरा. जबड्याच्या कडेला दोनदा फिरवला, नाकाच्या शेंड्याला टेकवला आणि मागे सरलो.

दोन्ही बाजू एकमेकींना मिळाल्या. मंजिरीच्या तोंडावर अकरा अडतीस झाले, मग सगळ्यांच्या देखत एकोणचाळीस. ऊन स्थिर होतं, लालसर, विटेच्या रंगाचं. बाहेर सनई आपोआप सुरू झाली. कोंबडा गप्प झाला.

“चला, चला,” गुरुजी ओरडले, “मुलीच्या मामांनी मुलीला आणा!”

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.  अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, आणि शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट खाली आला तेव्हा दोघांच्या तोंडावर अकरा बेचाळीस होते. रणधीरने आधी तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि हसला. सुगंधाआत्याने माझ्यावर एवढ्या जोरात अक्षता टाकल्या की त्या चष्म्यावर आपटल्या. मीही रडलो, यात लपवण्यासारखं काही नाही.

जेवणानंतर पंचनामा लिहिला. शिल्लक माल: संपूर्ण नष्ट. नाशाची जागा: कपाळ, दोन्ही गाल, जबडा, नाकाचा शेंडा. वेळ: सकाळी अकरा वाजून अडतीस. मामांनी सही केली आणि मठ्ठ्याचा ग्लास माझ्या हातात दिला. “आमच्या गावाला या एकदा,” ते म्हणाले. “तिथं नंबर लागत न्हाई.”

पाठवणी संध्याकाळी झाली. मंजिरी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, गाडीत बसली, आणि मग काच खाली करून मला हाक मारली. तिच्या हातात तो ब्रश होता.

“काका, गाल इकडं करा.”

“अगं, ते बसत नाही नियमात. माझा चार आहे.”

“तुमचाबी सहाच आहे,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासनं बघतीय. पंचनाम्यात सगळं नष्ट झालं म्हणून लिहिलंत ना? मग यात काय उरलंय ते कागदावर तरी न्हाईच.”

 मी वाकलो. तिने रुमाल ओला करून आधी माझे सव्वासात पुसले. मग डावीकडे एक आकडा, उजवीकडे एक. गाडी गेली. खिंडीच्या वळणावर, जिथून त्यांचं ऊन सुरू होतं, तिथपर्यंत ती मला दिसत होती, तोंडावर पाच वाजून दहा.

मी चालत घरी आलो. दोघातिघांनी वाटेत “काय टिपरे भाऊ, आज दमलात?” असं विचारलं. दमलो होतो. हे मला सात वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

बायकोने दार उघडलं. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली.

“अगंबाई, सहा वाजून गेले की,” ती म्हणाली. “बसा. भाकरी टाकते, पिठलं करते.”

मी हातपाय धुतले. तोंड धुतलं नाही.